नागसेनवनाचे शिल्पकार बाबासाहेब

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी दरवर्षी बाबासाहेबांवर लेख येतो. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, राज्यघटना, धम्मदीक्षा या गोष्टी आपल्या लेकरांना पाठ आहेत आणि ते चांगलेच आहे. पण आपल्या जालन्यापासून रेल्वेने जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर बाबासाहेबांनी स्वतः उभे राहून जे काम करून घेतले, ते आपल्या घरात कमी सांगितले जाते. म्हणून या वेळी त्यांच्या चरित्राची तीच बाजू मांडतो. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे मिलिंद महाविद्यालय आणि त्याभोवतीचे नागसेनवन ही ती बाजू.

सुरुवात मात्र कॉलेजपासून नाही, एका हौदापासून करावी लागेल.

१९३४ साली बाबासाहेब काही सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला आले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाची धूळ अंगावर होती. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला हौद दिसला, तेव्हा काही जणांनी तोंड, हातपाय धुतले. मंडळी दरवाजाशी पोचतात न पोचतात तोच मागून एक म्हातारा ओरडत आला. या लोकांनी हौद बाटवला अशी त्याची हाकाटी. बघता बघता गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली, मारामारीवर वेळ आली. गर्दीत मुसलमान होते, रमजानचा महिना होता. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, की आमच्यातला कोणी उद्या तुमच्या धर्मात आला तर त्याला या पाण्याला शिवू द्याल की नाही? त्यावर कोणाला उत्तर सुचेना. शेवटी किल्ल्यात जाऊ दिले, पण पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुंबई विधिमंडळात बसलेला, लंडनला गोलमेज परिषदेत बोलून आलेला बॅरिस्टर, आणि त्याच्यामागे पाण्याची राखण करणारा शिपाई! निजामाच्या मराठवाड्याने बाबासाहेबांचे असे स्वागत केले होते. त्या हौदापासून दहा-पंधरा किलोमीटरवर सोळा वर्षांनी त्यांनी कॉलेज सुरू केले.

पाण्याची ही गोष्ट त्यांच्या आयुष्याला लहानपणापासून चिकटलेली होती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, वडील रामजी सुभेदार पलटणीत शिक्षक. त्यामुळे घरात अक्षरओळख होती, पुस्तके होती. आपल्यापैकी फार थोड्या घरांना त्या काळी हे भाग्य लाभले. पण साताऱ्याच्या शाळेत बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा लागे. शिपाई नसला की पाणी नाही. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी. ए. मग बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि १९१३ साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

अमेरिकेचा विषय निघाला आहे तर जरा थांबू. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही वस्ती आहे. त्या वर्षांत दक्षिणेकडून आलेली काळी माणसे तिथे मोठ्या संख्येने राहायला येत होती. त्यांचे आजे-पणजे गुलाम होते. गुलामगिरी १८६५ ला कायद्याने गेली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना महात्मा फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ १८७३ साली अर्पण केला, हे आपल्याला माहीत आहेच. पण कायदा झाला तरी गोऱ्यांची कॉलेजे काळ्या मुलांना उघडी झाली नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी विद्यापीठे निघाली. टेनेसीत फिस्क १८६६ ला, वॉशिंग्टनला हॉवर्ड १८६७ ला, अलाबामात टस्कीगी १८८१ ला. टस्कीगीचे बुकर टी. वॉशिंग्टन स्वतः गुलामीत जन्मलेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी विटा स्वतः भाजून शाळेच्या इमारती बांधल्या. त्यांचे म्हणणे असे, की आधी सुतारकी, शेती, विटा-लोहारकाम शिका, चार पैसे मिळवा, मान आपोआप मिळेल. दुसरे होते डॉ. डू बॉइस, फिस्कमध्ये शिकलेले आणि पुढे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले. त्यांना हे पटेना. हाताला काम हवेच, पण डोक्याला सर्वात वरचे शिक्षण मिळाल्याशिवाय समाजाला पुढारी मिळणार नाहीत, असा त्यांचा आग्रह. या दोघांचा वाद त्या देशात गाजला. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते तेव्हा डू बॉइस त्याच शहरातून आपले मासिक चालवत होते, आणि बुकर वॉशिंग्टन १९१५ साली वारले तेही बाबासाहेब तिथे असतानाच.

बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर जे केले ते पाहता, या वादात त्यांचे माप कोणाच्या पारड्यात पडले असते याबद्दल मला तरी शंका वाटत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला हातकाम शिकवायची गरज नव्हती. मेलेले ढोर ओढणे, रस्ते झाडणे, सांगावा नेणे, लाकडे फोडणे हे सगळे हातकामच होते आणि पिढ्यान्‌पिढ्या केले होते. नव्हती ती वरची जागा. कलेक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक आपल्यातून झाल्याशिवाय खालच्या माणसाचा अर्ज वाचणारा कोणी नाही, हे त्यांनी ओळखले होते.

परदेशाहून आल्यावर बडोद्यात काय झाले, पारशी खानावळीतून त्यांना कसे बाहेर काढले, हे आपण जाणतोच. पुन्हा लंडन, १९२३ ला डी. एस्सी., बॅरिस्टरी, आणि १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा. पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चवदार तळ्याच्या दोन वर्षे आधी बोर्डिंग आहे. पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळची भाकर मिळाली तरच तो शाळेत टिकेल, हा साधा हिशेब.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तिथेही त्यांनी शिक्षणाचा हेका सोडला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना त्यांनी तोंडावर विचारले, की मी एकटा पाचशे पदवीधरांच्या बरोबरीचा आहे की नाही? व्हाइसरॉयने मान्य केल्यावर विचारले, तो कशामुळे? तर उच्च शिक्षणामुळे. मग माझ्या लोकांच्या उच्च शिक्षणाला पैसा द्या. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. मॅट्रिकनंतरची जी स्कॉलरशिप आपल्या मुलांना मिळत आली तिचे मूळ तिथे आहे. फॉर्म भरायला रांगेत उभे राहताना हे किती जणांना आठवते कोण जाणे.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना सकाळी शिकून कामावर जाता यावे अशी तिथे सोय होती. याच दिवसांत बाबासाहेबांनी अमेरिकेला डॉ. डू बॉइस यांना पत्र घातले. तिकडच्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपल्या हक्कांसाठी अर्ज केला होता, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे. एकीकडे मुंबईत कॉलेजचे पहिले वर्ग भरताहेत आणि दुसरीकडे सातासमुद्रापलीकडच्या दुखणेकऱ्याची चौकशी चालली आहे.

आता मराठवाड्याकडे येऊ. मुंबईनंतर दुसरे कॉलेज पुण्याला काढता आले असते, नागपूरला काढता आले असते. तिथे चळवळ होती, शिकलेली मंडळी होती. बाबासाहेबांनी औरंगाबाद निवडले, कारण इथे काहीच नव्हते. आपला भाग त्या वेळी हैद्राबाद संस्थानात. जालना, अंबड, भोकरदन हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात, परतूर परभणीत. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. शाळा कमी, वरचे शिक्षण उर्दूतून, मराठी मुलाने आधी भाषाच शिकायची. जालन्याला बाजारपेठ मोठी, कापसाचे जिनिंग, सोने का पालना म्हणून मिरवायचे. पण त्या पाळण्यात आपले लेकरू कधी नव्हते. मिशनरी लोकांनी काही केले. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले, मिशनच्या शाळेत काही मुले अक्षरे शिकली, हे मान्य केले पाहिजे. तरी कॉलेज म्हणजे आपल्याला चंद्रावरची गोष्ट.

मराठवाड्यातल्या लोकांची हाक बाबासाहेबांनी आधीच ऐकली होती. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यात मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली, तिला बाबासाहेब आले होते. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन होऊन निजामाची राजवट संपली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झाले. ते जोडले होते हैद्राबादच्या उस्मानिया विद्यापीठाला, कारण मराठवाडा विद्यापीठ व्हायला १९५८ साल उजाडायचे होते.

स्वतःची इमारत नव्हती. छावणी भागात मिळालेल्या जागेत वर्ग भरत. पैशाची तर नेहमीचीच ओढ. हैद्राबाद संस्थानात दलितांच्या शिक्षणासाठी राखलेला निधी होता, त्यातून कर्ज उचलून बांधकामाचा घाट घातला. नुसते दान मागत फिरण्यापेक्षा कर्ज काढून ते फेडण्याची जबाबदारी घेणे हा बाबासाहेबांचा स्वभाव. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली.

त्या दिवसांत बाबासाहेबांवर काय काय होते ते बघा. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय दुखत होते. दिल्लीत हिंदू कोड बिलावरून रण पेटले होते. आणि त्या बिलाला खुद्द राष्ट्रपतींचाच विरोध होता! ज्यांच्याशी एवढा मतभेद, त्यांच्याच हातून कोनशिला बसवून घेतली. कॉलेज देशाचे आहे आणि देशाच्या पहिल्या नागरिकाने त्याच्या पायाशी उभे राहिले पाहिजे, यात त्यांनी आपला राग आड येऊ दिला नाही. त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या निवडणुकीत मुंबईत पडले. मंत्रिपद गेले, बंगला गेला, तब्येत चालली होती. कॉलेजचे बांधकाम चालू राहिले.

कॉलेजला त्यांनी आपले नाव दिले नाही, कोणा देणगीदाराचे दिले नाही. मिलिंद नाव दिले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो मोठा वाद घालणारा. भल्याभल्यांना निरुत्तर करायचा. त्याला भिक्खू नागसेन भेटले आणि त्यांनी त्याच्या एकेका प्रश्नाचे दाखले देऊन समाधान केले. रथाचा दाखला तर आपल्या भन्तेजींनी कितीदा तरी सांगितला आहे: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. हरल्यावर राजाने ते मोकळेपणी कबूल केले. हा संवाद ‘मिलिंद पञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. म्हणून कॉलेज मिलिंद आणि भोवतालचा परिसर नागसेनवन. विद्यार्थ्याने राजासारखे निर्भयपणे विचारावे, शिक्षकाने नागसेनासारखे उत्तर द्यावे, आणि पटले तर कमीपणा न मानता मान्य करावे. धम्मदीक्षेच्या आधीच बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या माळावर बुद्धाचे नाव असे गुपचूप पेरून ठेवले होते.

दुसरी गोष्ट, हे कॉलेज त्यांनी फक्त आपल्या पोरांचे ठेवले नाही. सगळ्या जातींची, धर्मांची मुले तिथे शिकली. शिक्षक नेमतानाही जात पाहिली नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस हे आपल्या समाजाचे नव्हते, पण त्यांनी आपल्या मुलांसाठी जन्म घातला. त्यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ नाटक मिलिंदच्या मुलांनी केले आणि बाबासाहेबांनी ते पाहिले. अमेरिकेतल्या हॉवर्डची रीतही काहीशी अशीच. निघाले मुक्त झालेल्या गुलामांसाठी, पण दार कोणालाच बंद नाही. त्याच हॉवर्डमधून कायदा शिकलेले थर्गुड मार्शल १९५४ साली शाळांतल्या वेगळेपणाविरुद्धचा खटला जिंकले आणि १९६७ साली त्यांच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. ज्याला वर्गाबाहेर बसवले त्यानेच कायद्याची कलमे फिरवावीत, हा योग दोन्ही देशांत आला.

नागसेनवनात त्या काळी शिकायला येणारी पोरे कशी होती ते जुन्या मंडळींकडून ऐकावे. मनमाड-सिकंदराबाद लाईनची ती छोटी गाडी, मीटरगेज. जालन्याला बसायचे, एक पत्र्याची पेटी, धोतरात किंवा जुन्या लुगड्यात बांधलेली भाकर-चटणी. बोर्डिंगात कोपरा मिळाला की पोरगं खुश. गावात पाटलाच्या ओट्यासमोरून चपला हातात घेऊन जाणारा मुलगा इथे पहिल्यांदा बाकावर बसला, शेजारी कोणत्या जातीचा आहे हे न विचारता. हे लहान वाटेल, पण ज्याचा बाप साऱ्या जन्मात बाकावर बसला नाही त्याला विचारा.

१२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानिया विद्यापीठाने बाबासाहेबांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच्या आधी जून १९५२ मध्ये कोलंबियाने एलएल. डी. दिली होती. कोलंबियाचा गौरव आपण मोठ्याने सांगतो. मला उस्मानियाचा जास्त वाटतो. ज्या निजामी मुलखात त्यांच्यामागे पाण्यासाठी शिपाई लावला होता, त्याच मुलखाच्या विद्यापीठाने त्यांना बोलावून झूल पांघरली.

शेवटच्या वर्षांत मात्र त्यांच्या मनाला एक घोर लागला होता. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी तो बोलून दाखवला. शिकून वर गेलेली माणसे समाजाला वर ओढतील असे वाटले होते, पण ती आपल्या पोटामागे लागली, आपली फसवणूक झाली, असे ते भरसभेत म्हणाले आणि त्यांना गहिवरून आले. हे ऐकायला बरे वाटत नाही म्हणून जयंतीच्या भाषणांत कोणी फारसे काढत नाही. पण ज्या माणसाने पाचशे पदवीधरांचा हिशेब मांडून सरकारकडून पैसा आणला, त्याच्या तोंडून हे निघावे याचा अर्थ काय ते आपण, नोकरीवाल्यांनी तरी, समजून घेतले पाहिजे. या ओळी लिहिणाराही त्यातून सुटत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण. मिलिंद महाविद्यालय तेव्हा साडेसहा वर्षांचे होते.

नंतर नागसेनवनात आणखी कॉलेजे, शाळा निघाल्या. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. तिकडच्या काळ्या लेखकांनी आपले जगणे कसे लिहिले हे त्यांनी इथल्या तरुणांना सांगितले आणि तुम्हीही लिहा म्हणून मागे लागले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ सुरू केले, ते २०१८ साली गेले तोवर औरंगाबादच त्यांची कर्मभूमी होती. वामन निंबाळकर इथलेच विद्यार्थी. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात मिलिंदमध्ये शिकले आणि २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. त्या सोळा वर्षांच्या लढ्यात नागसेनवनाची पोरे पुढे होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ज्या विद्यापीठाच्या आधी आठ वर्षे बाबासाहेबांनी इथे कॉलेज काढले, त्याला त्यांचे नाव द्यायला एवढे रक्त सांडावे लागले.

संस्थेत पुढे भांडणे झाली, वाद कोर्टात गेले, हेही खरे. आपणच आपल्या माणसांची गाऱ्हाणी सांगायची म्हटले की जीभ अडते, पण लपवून उपयोग नाही. बाबासाहेबांनी कर्ज काढून उभे केलेले ते आवार आहे.

आपल्या वस्तीत नागसेनवनात शिकलेली काही वडीलधारी मंडळी अजून आहेत. कोणी मास्तर होते, कोणी एस. टी. त, कोणी तहसीलमध्ये. घरच्या लेकरांनी या पावसाळ्यात त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. कोणत्या साली गेले, बोर्डिंगात कितीजण एका खोलीत होते, मेसला काय मिळायचे, कोणते सर काय शिकवायचे, पहिली पदवी घरी आणली तेव्हा आईने ती कुठे ठेवली, हे सगळे विचारून लिहून घ्यावे. वही विहारात आणून द्यावी, पुढच्या स्मरणिकेत छापू.